दाब कमी, अंतर जास्त : प्रेशर वॉशरने खिडक्या आणि बाहेरच्या भिंती धुण्याची रीत

प्रेशर वॉशरने केलेले नुकसान त्याच दिवशी क्वचितच दिसते. भिंत वाळते, काच लखलखते, मशीन कोपऱ्यात जाते. मग काही आठवड्यांनी खिडकीखाली आतल्या बाजूला ओल उमटते, दुहेरी काचेच्या मध्ये धुके धरते किंवा नीट असलेल्या रंगाला फोड येतात. पाणी जिथे शिरायला नको होते तिथे शिरलेले असते आणि ते आत ढकलण्याचे काम आपणच केलेले असते.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. बाहेरची भिंत स्वच्छ होते ती मुख्यतः भिजवल्याने, योग्य द्रावण लावल्याने आणि त्याला वेळ दिल्याने. सुटलेला मळ वाहून नेणे एवढेच धारेचे काम. धारेने खरवडून मळ काढायची वेळ आली, तर आधीची पायरी चुकली आहे असे समजावे. काचेच्या बाबतीत तर मशीनची गन, म्हणजे धार सोडणारी ट्रिगरची बंदूक, शक्य तितकी लांबच बरी.

धारेत किती जोर असतो

घरगुती विजेच्या मशीनवर साधारण १०० ते १५० बार असा दाबाचा आकडा असतो. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय (दाबाचेच दुसरे एकक), म्हणजे १३० बारचे मशीन १९०० पीएसआयच्या आसपास जाते. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा कमाल दाबाचा असतो, प्रत्यक्ष काम त्याहून कमी दाबावर चालते. तरीही १३० बारला नोझलमधून, म्हणजे टोकाच्या तोटीतून, निघणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे १६० मीटर असतो. असे पाणी लाकडाचे तंतू उभे करते, विटांच्या दरजा पोखरते आणि कातडीत शिरते.

यातून वाचवतात त्या दोन गोष्टी : पंख्यासारख्या पसरणाऱ्या धारेचा कोन आणि अंतर. नोझलचे रंग बहुतेक मशीनना सारखेच असतात. लाल म्हणजे ०°, पिवळे १५°, हिरवे २५°, पांढरे ४०° आणि काळे ६५°, जे कमी दाबाने साबण सोडण्यासाठी असते. पांढऱ्या नोझलचा पट्टा ३० सेंमी अंतरावर सुमारे २२ सेंमी रुंद होतो, ६० सेंमीवर ४४ सेंमी. तेवढेच पाणी दुप्पट जागेत पसरते, शिवाय हवेत त्याचे थेंब होऊन वेग मंदावतो. पिवळ्या नोझलचा पट्टा त्याच ३० सेंमीवर जेमतेम ८ सेंमी असतो, म्हणजे मारा जवळजवळ तिप्पट. लाल नोझलमध्ये सगळा जोर एका टिकलीएवढ्या जागी येतो.

घराच्या भिंतीसाठी पांढरे आणि काळे नोझल पुरते. हिरवे काँक्रीटच्या फरशीसाठी आणि घट्ट दगडासाठी ठेवावे. लाल नोझल आणि गरगर फिरणारे टर्बो नोझल पेटीतून बाहेरच काढू नका. टर्बो म्हणजे तीच ०° ची धार, फक्त गोल फिरणारी. डोळ्यांना ती रुंद आणि मवाळ दिसते आणि फसवते.

कशाला पाणी लावायचेच नाही

धुण्याआधी घराभोवती एक चक्कर मारा, हातात खडू आणि मास्किंग टेप घेऊन. काही ठिकाणी प्रेशर वॉशर नेणेच चूक आहे.

अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे, पन्हळी किंवा पाइप यांवर दाबाचे पाणी कधीही मारू नये. पृष्ठभाग फुटून तंतू मोकळे होतात, चिखलाबरोबर अंगणभर पसरतात आणि वाळल्यावर हवेत जातात. जुन्या घराच्या सुटत चाललेल्या रंगात शिसे असण्याची शक्यता असेल तर तेच. रंगाचे पोपडे मातीत मिसळले की परत वेचता येत नाहीत. आधी रंगाची तपासणी करून घ्यावी.

चुन्याच्या गिलाव्याची किंवा चुन्याच्या दरजांची भिंत असेल, तर किल्लीच्या टोकाने दरज हलकेच खरवडून पाहा. भुसा पडला तर त्या भिंतीला फक्त बागेचा पाइप आणि मऊ ब्रश. नवीन प्लास्टर किंवा काँक्रीट असेल तर २८ दिवस तरी थांबा.

प्लास्टरला केसाएवढ्या का होईना, भेगा असतील तर आधी त्या भरा, सुकू द्या, मग धुवा. तळहाताने थोपटून पाहावे. पोकळ आवाज आला तर तिथे गिलावा भिंतीपासून सुटला आहे, आणि धार लागली की तो तुकडा खाली येईल.

भिंतीवर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी आहे की लोणा, हे ठरवा. लोणा म्हणजे भिंतीतून पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार. त्याला पाणी मारले की क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि वाळताना दुप्पट जोमाने बाहेर येतात. तो कोरड्या ताठ ब्रशने झाडून गोळा करावा आणि ओल कुठून येते ते शोधावे. नुसत्या धुण्याने लोणा गेला असे होत नाही.

हातावर खडूसारखी पावडर येत असेल, तर तो रंगाचा थर ऊन खाऊन मेला आहे. धुतल्यावर भिंत ठिकठिकाणी फिकी दिसणार, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे. अशी भिंत पुन्हा रंगवायची असेल तरच धुवा.

चक्कर मारताना झाकायच्या जागा टेपने खुणावून ठेवा : बाहेरचे प्लग आणि दिवे, मीटरची पेटी, दाराची बेल, कॅमेरे, एक्झॉस्टची तोंडे, भिंतीतून आत जाणाऱ्या केबलची भोके. प्लास्टिकची पिशवी आणि रुंद टेप पुरते, पण टेप काम संपताच काढा. उन्हात तासन्‌तास राहिली तर गोंद रंगासकट निघतो. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पत्र्या इतक्या पातळ असतात की धार लागली की चपट्या होतात आणि हवा अडते. तिथे साधे पाणी, तेही एसीचा वीजपुरवठा बंद करून.

वीज, अंग आणि शिडी

मशीनचा प्लग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरच) असावा. वापरण्याआधी तिचे टेस्ट बटण दाबून ती पडते का ते पाहा. शक्यतो एक्स्टेंशन बोर्ड टाळा. लागलाच तर तीन तारांची, २.५ चौरस मिमीची केबल घ्या आणि तिचे वेटोळे पूर्ण सोडा. गुंडाळलेली केबल तापते, आणि लांब-पातळ केबलमध्ये व्होल्टेज पडून मोटर घुरघुरत राहते, सुरू होत नाही. जोड जमिनीवर पडू देऊ नका. उंच, कोरड्या जागी टांगा. घरावरून जाणाऱ्या तारांपासून लान्सचे (गनच्या लांब दांडीचे) टोक आणि पाण्याची धार दोन्ही किमान ३ मीटर लांब राहायला हवीत. लांब दांडी हातात आली की माणसाचे लक्ष टोकाकडे नसते, भिंतीकडे असते.

पायांत पुढून बंद असलेले, न घसरणारे बूट हवेत. चपला घालून हे काम करू नये. डोळ्यांना बाजूनेही झाकणारा चष्मा, कारण खडे उडतात ते थेट समोरूनच नाही. पूर्ण पँट, रबरी हातमोजे, आणि इंजिनचे मशीन असेल तर कानांना संरक्षण. इंजिनचे मशीन बंद जागेत, गॅरेजच्या दारात किंवा उघड्या खिडकीखाली चालवू नये. त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धार हातापायाला लागली आणि फक्त टाचणी टोचल्यासारखे भोक दिसले, तरी त्याच वेळी रुग्णालय गाठा आणि ‘जास्त दाबाचे पाणी आत शिरले आहे’ असे स्पष्ट सांगा. वरची जखम फसवी असते. आत पाणी, साबण आणि घाण ऊतींमध्ये लांबवर पसरलेली असते आणि अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. पट्टी बांधून दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्यात बोट जाऊ शकते.

शिडीवर चढून गन चालवू नका. मिनिटाला ८ लिटर आणि १३० बारच्या मशीनचा मागे रेटा सुमारे २ किलोचा असतो. मिनिटाला १५ लिटर आणि २०० बारच्या इंजिन मशीनचा तो ५ किलोपर्यंत जातो. जमिनीवर हा काहीच वाटत नाही. शिडीच्या वरच्या पायरीवर, एका हाताने, ओल्या बुटांनी उभे असताना ट्रिगर दाबल्या क्षणी तोच रेटा माणसाला मागे ढकलतो आणि सोडल्या क्षणी पुढे. पहिल्या मजल्यापर्यंत जमिनीवरून लांबणारी दांडी वापरा. दांडीलाही पट्टा असेल तर बरे. त्याहून उंच काम परांचीवरून किंवा सुरक्षा दोर वापरणाऱ्या सराईत माणसांकडून करून घ्यावे.

मशीन सुरू करण्याआधी

नळाला पुरेसे पाणी येते का हे मोजा. १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. मिनिटाला ८ लिटरचे मशीन असेल, तर बादली ७५ सेकंदांच्या आत, खरे तर मिनिटभरातच भरायला हवी. पाणी कमी पडले की पंपात पोकळ्या तयार होतात, खडखडाट ऐकू येतो, धार धडधडते आणि आतले सील झिजतात. पाणी कमी येते म्हणून मशीन खराब झाले असे पुष्कळांना वाटते, आणि मग खरेच होते.

टाकीतून पाणी ओढायचे असेल तर मशीन तसे ओढू शकते का हे पुस्तिकेत पाहा. सक्शन पाइपला खाली गाळणी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारी झडप) लागतो, आणि टाकी मशीनच्या पातळीला किंवा थोडी वर ठेवावी. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, बहुतेक घरगुती पंपांची हीच मर्यादा असते. उन्हात पडलेल्या पाइपातले पहिले पाणी याहून गरम असू शकते, ते आधी सोडून द्या.

१. नळापासून मशीनपर्यंत किमान अर्धा इंची पाइप जोडा. पाण्याच्या तोंडाची जाळी काढून धुवा.

२. दाबाचा पाइप पूर्ण उलगडा. पिळा पडलेला पाइप आतून फुटतो.

३. मोटर बंद ठेवून नळ सोडा आणि नोझल न लावता ट्रिगर दाबून धरा. फुसफुस थांबून सलग पाणी येईपर्यंत धरा, साधारण मिनिटभर. हवा निघून जाते आणि पाइपातला कचराही बाहेर पडतो. घाईत हीच पायरी गाळली जाते.

४. ट्रिगर सोडा, लॉक करा, पांढरे नोझल लावा, ओढून पाहा. नीट न बसलेले नोझल गोळीसारखे सुटते.

५. मग मोटर चालू करा.

चालू मशीनवर ट्रिगर सोडून गप्पा मारत बसू नका. आपोआप बंद होणारी सोय नसेल तर पाणी पंपातल्या पंपात फिरत राहते आणि दोन-तीन मिनिटांत तापते. काम थांबले की मोटर बंद.

भिजवण, द्रावण आणि वेळ

धूळ आणि कोळ्याची जाळी यांना साबणही लागत नाही. लांब दांडीच्या ब्रशने कोरडेच झाडून घ्या. कोरडी धूळ आधी झाडली तर चिखलाचे ओघळ निम्मे होतात.

वाहनांचा धूर, स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टखालचा तेलकट थर यांना सौम्य लिक्विड सोप पुरतो. हिरवे-काळे डाग म्हणजे शेवाळ आणि बुरशी. ती नुसत्या धारेने वरवर निघते, मुळे राहतात आणि थोड्या महिन्यांत परत येते. तिला मारावे लागते. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे साधे ब्लीच वापरतात. बाटलीवर ५ टक्के असेल तर १ लिटर ब्लीचमध्ये ४ लिटर पाणी घातले की १ टक्क्याचे द्रावण होते. हलक्या शेवाळाला १ लिटरला ९ लिटर पाणी, म्हणजे अर्धा टक्का पुरे. घाऊक मिळणारे ब्लीच १० ते १५ टक्क्यांचे असते, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय मोजमाप करू नका. आणि उन्हात वर्षभर ठेवलेले ब्लीच बरेचसे पाणीच झालेले असते.

भिंतीवर द्रावण टिकून राहावे म्हणून ५ लिटरला दोन चमचे सौम्य साबण घाला, पण त्यात अ‍ॅसिड किंवा अमोनिया नाही हे लेबलवर पाहा. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन. फरशीचे डाग काढायचे अ‍ॅसिड, व्हिनेगर, काच पुसायचे निळे द्रावण या सगळ्यांपासून ब्लीच दूर. एकाच बादलीत तर नाहीच, एकापाठोपाठ एक त्याच ओल्या भिंतीवरही नाही.

ब्लीच मशीनच्या पंपातून नेऊ नका. सील आणि धातू खाल्ले जातात. प्लास्टिकचा हातपंप असलेला फवारा वापरा. अ‍ॅल्युमिनिअमच्या चौकटी, तांबे आणि अनपॉलिश लाकूड यांवर ते पडले तर लगेच धुवा.

झाडांची काळजी अशी : आधी पाने आणि माती साध्या पाण्याने तुडुंब भिजवा, काम चालू असताना एकदा आणि शेवटी पुन्हा धुवा. भिजलेली मुळे नवे पाणी कमी शोषतात. प्लास्टिकने झाकून उन्हात ठेवलेले झाड ब्लीचपेक्षा उकाड्याने आधी मरते. मासे असलेले हौद किंवा पावसाच्या पाण्याची टाकी असेल तर तिथे जाणारी वाट बंद करा.

गंजाच्या डागांना ब्लीच लावू नका, ते पक्के होतात. त्यांना ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचे सौम्य द्रावण लागते, आणि तेही ब्लीच पूर्ण धुतल्यावर दुसऱ्या दिवशी.

भिंत धुण्याचा क्रम

ढगाळ सकाळ निवडा, किंवा सावलीतली बाजू आधी घ्या आणि ऊन फिरेल तसे सरका. तापलेल्या भिंतीवर द्रावण पाच मिनिटांत वाळते आणि डाग सोडते. वारा अंगावर येत असेल तर फवारणी पुढे ढकला.

एका वेळी ३ मीटर रुंदीचाच तुकडा घ्या. भिंत आधी साध्या पाण्याने भिजवा, म्हणजे द्रावण ती आत शोषत नाही. मग द्रावण खालून वर लावा. वरून लावले तर कोरड्या भागावरून ओघळ उतरतात, ते जिथून जातात तिथला मळ आधी निघतो, आणि त्या उभ्या रेषा नंतर जात नाहीत. १० ते १५ मिनिटे थांबा. वाळायला लागले तर पुन्हा हलका फवारा द्या. काळे पडलेले कोपरे मऊ ब्रशने घासा.

धुताना वरून खाली. आधी एखाद्या आडबाजूला, हातभर जागेवर चाचणी घ्या. पांढरे नोझल लावून दीड मीटरवर उभे राहा, ट्रिगर भिंतीबाहेर हवेत दाबा आणि मग धार भिंतीवर आणा. भिंतीवर रोखून ट्रिगर दाबला तर पहिल्या झटक्याची खूण राहते. मळ निघत नसेल तर थोडे जवळ या. रंगवलेल्या प्लास्टरला ६० सेंमीपेक्षा जवळ जाऊ नका. एवढ्याने निघाले नाही तर पुन्हा द्रावण, पुन्हा दहा मिनिटे.

धार भिंतीला सरळ काटकोनात न मारता तिरकी, खालच्या दिशेने मारा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर तिसरा हिस्सा चढवा. हात सतत फिरता ठेवा. एका जागी दोन सेकंद थांबलात की गोल डाग पडतो. छज्जाच्या खालून, पत्र्याच्या किंवा फळ्यांच्या एकमेकांवर आलेल्या कडांखालून वर कधीही मारू नका. त्या कडा वरून येणारे पाणी बाहेर टाकण्यासाठी असतात. आपण खालून मारले की आतला इन्सुलेशनचा किंवा लाकडाचा भाग भिजतो.

सामानाप्रमाणे फरक करावा लागतो. चांगल्या सिमेंट दरजांची वीट थोडा जोर सोसते, पण भाजलेल्या विटेचे वरचे कडक कातडे एकदा गेले की आतली मऊ वीट पाणी पिते. मऊ लाकडाला ३५ ते ४० बारपेक्षा जास्त नको, रेषांच्या दिशेने, आणि पट्टा अर्ध्यात थांबवू नये. तंतू उभे राहिले तर वाळल्यावर पॉलिश पेपर मारावा लागतो. मशीनला दाब कमी करायची सोय नसेल तर लाकूड ब्रशनेच धुवा. बाहेरच्या बाजूला थर्माकोलसारखे इन्सुलेशन आणि वर पातळ गिलावा असलेल्या भिंतीला बागेच्या पाइपाचा दाबच योग्य. संगमरवर आणि चुनखडीच्या दगडाला कोणतेही अ‍ॅसिड नाही, व्हिनेगरसुद्धा.

खिडक्या : इथे गन बाजूला ठेवा

काच दाबाने फुटते, पण बहुतेक वेळा आधी बिघडते ते काचेच्या भोवतीचे : लांबी (पुट्टी), सिलिकॉन, रबरी बीडिंग आणि दुहेरी काचेचे सील. साध्या लाकडी खिडकीतली लांबी वर्षानुवर्षे उन्हात वाळून चिरलेली असते. नखाने दाबून पाहा. तुकडा निघाला तर आधी नवी लांबी भरा. काचेला कोपऱ्यात छोटीशी जरी चीर असेल तर धारेच्या धक्क्याने ती आरपार जाते. दुहेरी काचेच्या आत धुके किंवा थेंब दिसत असतील तर सील आधीच गेले आहे. अशा खिडकीला ओल्या कापडाखेरीज काही नको. बाहेरून फिल्म चिकटवलेली असेल तर तिची कड धारेने सुटते.

तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नये. काचेचा एक भाग एकदम आकसतो, बाकीचा आकसत नाही, आणि कडेपासून तडा जातो. काच हाताला गार लागेल तेव्हाच काम करा.

क्रम असा ठेवा :

१. जाळ्या काढा, जमिनीवर आडव्या ठेवून साबण-पाण्याने आणि बागेच्या पाइपाने धुवा. ताणलेल्या जाळीला प्रेशर लागला की ती फाटते किंवा पोटासारखी बाहेर येते.

२. स्लायडिंगच्या ट्रॅकमधली माती कोरडीच काढा, जुना टूथब्रश आणि व्हॅक्युम क्लीनरने. चौकटीच्या खालच्या कडेला बाहेरून लहान भोके असतात, ती पाणी बाहेर जाण्यासाठी. ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता. ते बाहेर आले नाही तर भोके बुजली आहेत, बारीक तारेने मोकळी करा. या भोकांत बाहेरून धार मारली की पाणी उलटे घरात येते.

३. खिडकी घट्ट लावा, कडी लावा. आतून खालच्या कठड्यावर जुना टॉवेल पसरा आणि एका माणसाला आत उभे करा. थेंब दिसला की तो हाक मारेल. हे गंमत म्हणून नाही. बाहेरच्या माणसाला आत काय चालले आहे ते कळायला दुसरा मार्ग नाही.

४. काच आणि चौकट बागेच्या पाइपाने वरून भिजवा, रेती वाहून जाऊ द्या. कोरड्या काचेवर कापड फिरवले की ओरखडे त्या रेतीचे पडतात.

५. बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य साबण. लांब दांडीच्या मऊ ब्रशने किंवा कापडी पॅडने घासा, आधी चौकट, मग काच.

६. पुन्हा साध्या पाण्याने वरून खाली धुवा. रबरी वायपर वरच्या कडेला कोरडा करून आडवा ओढा, प्रत्येक ओढीनंतर त्याची कड पुसा. कडांना मायक्रोफायबर कापड.

मशीनच वापरायची असेल, उदाहरणार्थ उंचावरच्या एकेरी, धडधाकट, बंद काचेसाठी, तर काळे ६५° चे नोझल, किमान २ मीटर अंतर, आणि धार काचेच्या मधल्या भागावर, खाली उतरती. रबर आणि लांबीच्या रेषेवर रोखून नाही. वाऱ्याने धार कडेला ढकलली तरी मग फारसे बिघडत नाही.

वाळल्यावर पांढरे ठिपके राहिले तर ते जड पाण्यातल्या कॅल्शियमचे. व्हिनेगर आणि पाणी सारखे घेऊन ओले कापड पाच-दहा मिनिटे चिकटवून ठेवा, मग धुवा. खिडकीखाली संगमरवरी पट्टी असेल तर ती आधी झाका, आणि भिंतीवर ब्लीच मारलेल्या दिवशी हे करू नका. ब्लेडने खरवडण्याचा मोह टफन्ड काचेवर तरी आवरा. बनवताना तिच्यावर चिकटलेले सूक्ष्म कण ब्लेडखाली घसटतात आणि पूर्ण काचभर ओरखडे जातात. वर ताज्या सिमेंटचे काम असेल तर त्याचे पाणी काचेवर वाळू देऊ नका. ते अल्कली असते, काच खाते आणि ते डाग कशानेही निघत नाहीत. काही वीट साफ करायच्या रसायनांत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असते. ते काच तर खातेच, कातडीलाही अत्यंत घातक आहे. घरच्या कामात ते आणूच नका.

काम नेहमीच करायचे असेल तर खनिजे काढलेले पाणी आणि पाणी सोडणारा लांब ब्रश हा याहून चांगला मार्ग आहे. पाण्यातले क्षार दहा लाखांत १० भागांच्या खाली असले की काच पुसायचीच गरज राहत नाही. ती डागाशिवाय वाळते. दाब लागतो तो फक्त पाणी वर चढवण्यापुरता.

बिघडले तर

धार धडधडत येत असेल तर आधी पाण्याच्या तोंडाची जाळी, मग नोझल पाहा. नोझलचे भोक बारीक तारेने मोकळे करून उलट बाजूने पाणी सोडा. तरीही धडधड असेल तर नळाच्या जोडातून हवा शिरते आहे. जोडातली रबरी कडी (ओ-रिंग) बदलून थोडे सिलिकॉन ग्रीस लावा. दाब हळूहळू कमी झाला असेल आणि पाणी भरपूर असेल, तर बहुधा नोझल झिजले आहे. साबण ओढला जात नसेल तर मोठ्या दाबाचे नोझल लागलेले असते. साबण फक्त काळ्या नोझलवर ओढला जातो. आरसीसीबी सारखी पडत असेल तर ती बदलू नका किंवा बायपास करू नका. प्लग, जोड आणि मोटर ओली झाली आहे का ते पाहा.

भिंतीवर पट्टे राहिले तर जोर वाढवून ते पुसायला जाऊ नका. पूर्ण तुकडा पुन्हा भिजवून, द्रावण लावून, एकसारख्या अंतरावरून धुवा. खिडकीच्या आत पाणी आले तर टॉवेल, पंखा आणि लगेच पडदे बाहेर. कठड्याखालच्या प्लगपर्यंत ओल गेली असेल तर त्या खोलीचा वीजपुरवठा बंद ठेवा.

आवरताना

मोटर बंद करा, नळ बंद करा, मग ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडा. हे केल्याशिवाय कोणताही जोड खोलायचा नाही. साबणाची बाटली साध्या पाण्याने भरून मिनिटभर चालवा, नाहीतर वाळलेला साबण नळी बुजवतो. गोठणारी थंडी पडते अशा ठिकाणी पंपातले पाणी पूर्ण काढा. गोठलेले पाणी पंपाचे डोके फोडते.

टेप आणि पिशव्या काढा. झाडांना शेवटचे पाणी द्या. चोवीस तासांनी घराच्या आतून प्रत्येक धुतलेल्या भिंतीच्या मागे आणि खिडकीच्या कोपऱ्यांत हात फिरवून पाहा. गार-ओलसर लागले तर बाहेरून त्याच उंचीवर भेग, सुटलेले सिलिकॉन किंवा उघडे भोक सापडेल. ते बुजवून वाळू द्या. भिंत रंगवायची असेल तर कोरड्या हवेत किमान दोन-तीन दिवस, दमट हवेत त्याहून जास्त थांबा, आणि ओल मोजायचे मीटर मिळाले तर आकडा पाहूनच ब्रश उचला.